घोड्याचे ऋण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील कॅव्हलरी टँक म्युझियम आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९९४ साली उघडलेल्या या लष्करी संग्रहालयात सारे रणगाडेच. मग नावात घोडदळ कशाला, असा प्रश्न मुले हटकून विचारतात. उत्तर असे, की घोडे गेले, रणगाडे आले, पण पलटणींची नावे टिकली. १८१७ साली उभी राहिलेली ‘पूना हॉर्स’ १९६५ आणि १९७१ ची युद्धे रणगाड्यांवरून लढली; तारापोर आणि खेत्रपाल हे तिचे दोन परमवीर.

परदेशांतील लष्करी संग्रहालये शाळेच्या सुट्टीत मुलांकडून कागदाचे, कापडाचे घोडे करून घेतात आणि हा इतिहास हातांतून शिकवतात. नंदिगड्ड्याच्या मुलांना असे संग्रहालय जवळ नाही. म्हणून गेल्या दसऱ्याच्या सुट्टीत आरोग्य तपासणीसाठी जोयडा तालुक्यातील या गावी गेलो, तेव्हा तपासणी आटोपल्यावर घोडे करायचे ठरवले. खंडेनवमीला शस्त्रांबरोबर घोडाही पूजण्याची रीत आहेच.

साहित्य गावचेच होते. सुपारीच्या विरीचे धड, काथ्याची आयाळ, बांबूच्या काड्यांचे पाय. डोळ्यांना गुंजा शोभल्या असत्या; पण गुंज चावली गेली तर विषारी, म्हणून कोळशाचे ठिपके दिले. मुले काम करीत असताना मी त्यांचे हात पाहत होतो. कोण कात्री कशी धरतो, कोणाची गाठ बसत नाही, कोण डोळ्यांजवळ नेऊन दोरा ओवतो, हे तपासणीच्या रांगेत कधीच दिसले नसते. दोघांना नेत्रतपासणीस पाठवावे लागले.

घोडे उभे राहिले, तशी १९१८ सालची हैफाची लढाई सांगितली. तीत म्हैसूर संस्थानचे घोडेस्वारही होते. एका मुलाने विचारले, “आता लढाईत घोडे नाहीत, तर ते करतात काय?”

मी म्हणालो, “ते दवाखान्यात लढतात.” पहिल्या महायुद्धाच्या आरंभी धनुर्वाताने कितीतरी जखमी दगावले. १९१४ च्या अखेरीपासून घोड्यांच्या रक्तापासून केलेले प्रतिविष जखमींना सरसकट टोचले जाऊ लागले आणि धनुर्वाताचे प्रमाण झपाट्याने घटले. सर्पदंशावरचे औषध आजही तसेच तयार होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांचे विष घोड्याला अल्प मात्रेत, क्रमाक्रमाने टोचतात. त्याच्या रक्तात जे प्रतिविष निर्माण होते, ते आपल्या कुपीत येते. म्हणून साप चावला की मंत्र नको, जखम चिरणे नको, आवळून बांधणे नको. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठायचे.

ओसरीवर बसलेल्या एक आजी पुढे आल्या. आदल्या पावसाळ्यात त्यांच्या सुनेला बागेत साप चावला होता आणि ती वाचली होती. “म्हणजे तिला घोड्याने वाचवले तर!” असे म्हणून त्यांनी नातवाचा घोडा हातात घेतला, बराच वेळ निरखला आणि घरी देवघराशेजारी ठेवीन म्हणाल्या.

व्याख्याने मी पुष्कळ दिली आहेत; त्यांतले किती लोकांच्या लक्षात राहिले, ठाऊक नाही. विरीचा घोडा मात्र त्या घरात रोज दिसेल आणि पुढच्या पावसाळ्यात कोणी मांत्रिकाकडे निघाले, तर कदाचित त्याला अडवील. व्यवसायबंधूंनो, पुढच्या शिबिराला जाताना पिशवीत स्टेथोस्कोपबरोबर दोन-चार कात्र्याही असू द्या.