फक्कनिदानासाठी वर्षभर का थांबावे?

वर्षाचे होऊनही जे बालक पायांनी चालत नाही, त्यास काश्यपसंहितेने 'फक्क' म्हटले आहे. तथापि विलंबाची चाहूल लागण्यास वर्षभर थांबणे आम्हांस उचित वाटत नाही. दुसऱ्या महिन्याअखेर बालक आईकडे पाहून हसते, चौथ्याअखेर मान धरते. पाचव्याच्या सुमारास जन्मवजन दुप्पट होते आणि आधाराने बसणे सुरू होते. पाचव्या महिन्यातील उपवेशन संस्कार ही परीक्षणाचीच संधी होय. अपुऱ्या दिवसांच्या बालकाचे वय मात्र अपेक्षित प्रसूतिदिनापासून मोजावे. मान न धरणाऱ्या बालकासाठी पालक बल्य औषध मागतात, तेव्हा औषधालयाने बाटली देण्यापूर्वी वय विचारून वैद्याकडे पाठवावे; वैद्यांनी बालरोगतज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे. मेंदूच्या वेगवान वाढीचे हे महिने पुन्हा येत नाहीत.