पाणी नितळ दिसलं, म्हणजे पिण्याजोगं झालं का?



2019 च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे दारात पाणी होतं, पण प्यायला नव्हतं. म्हणून बैठकीत विचारणा होते, "पूर आला किंवा वारीला निघालो, तर पिशवीत मावणारा छोटा फिल्टर घ्यावा का?"

घ्या, पण त्याचं काम समजून घ्या. अशा बऱ्याच फिल्टरमध्ये बारीक पोकळ नळ्या असतात. त्यांची छिद्रं साधारण 0.1 मायक्रॉनची, केसाच्या जाडीपेक्षा शेकडो पट लहान. त्यात गाळ अडकतो, कॉलरा-टायफॉइडचे जंतूही अडकतात. काविळीचे विषाणू मात्र त्याहून लहान, ते आरपार जातात. 'ई' प्रकारची कावीळ तर गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

म्हणून हा क्रम पाळा:

1. जुनी, धुतलेली सुती साडी चार वेळा दुमडून पाणी गाळा. जुनीच का? धुऊन धुऊन धागे फुलतात, छिद्रं बारीक होतात. बांगलादेशातल्या गावांत अशा गाळण्याने कॉलरा जवळजवळ निम्मा झाला.
2. फिल्टर असेल तर त्यातून पाणी काढा.
3. खळखळ उकळी आल्यावर 1 मिनिट उकळू द्या. सरपण नसेल तर पाकिटावर लिहिल्याप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकून 30 मिनिटं थांबा.

फवारणीचं औषध मिसळलेलं पाणी यातल्या कशावरही भरवसा ठेवून पिऊ नका.

फिल्टर नंतर घेऊ. आधी प्रत्येक घरी सुती साडी, गोळ्या आणि झाकणाचा हंडा वेगळा काढून ठेवा. पुढच्या बैठकीत मी विचारणार आहे!