हिन्याची परीक्षा

हिवाळ्यात हिना व उन्हाळ्यात वाळा, असा अत्तरांचा जुना ऋतुक्रम आहे. गेल्या पौषात सूनबाईंनी आम्हांस कनोजच्या हिन्याची कुपी आणून दिली. सकाळी स्नानोत्तर उजव्या मनगटास थेंब लावताच नागरमोथा, जटामांसी, दगडफूल यांचा असा उग्र दर्प आला की, ‘हे अत्तर की काढा?’ असे आम्ही सर्वांदेखत बोलून गेलो. बिचारी निमूटपणे कुपी घेऊन आत गेली.

सायंकाळी संध्येस बसलो. आचमनासाठी हात ओठांशी नेला, तो मनगटास चंदनाचा व उदाचा मंद, गोडसर वास! देवघरातील धूप विझल्यावर मागे राहतो, तसा.

यात चमत्कार काही नाही. कनोजास तांब्याच्या डेगीत वनस्पती पाण्यासह उकळून त्यांची वाफ बांबूच्या नळीने भपक्यातील चंदनतेलात उतरवितात. त्वचेच्या उबेने हलकी द्रव्ये आधी उडतात. मुळे, राळ व चंदन यांचे जड अंश मागाहून प्रकटतात व फार वेळ टिकतात. हल्ली चंदन महागल्याने पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पॅराफिन तेल घालतात. त्यास स्वतःचा गंध नसल्याने शेवटी चंदन उरत नाही. म्हणून वाचकांनी परीक्षा कुपीच्या तोंडाशी न करता त्वचेवर, आणि तीही दोन प्रहरांनी करावी.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील गंधयुक्तीचा अध्याय आम्ही कधीच वाचला होता; त्याचा त्या सकाळी उपयोग झाला नाही. रात्री पानावर बसण्यापूर्वी आम्ही सर्वांदेखतच सूनबाईंकडे कुपी परत मागितली.