चार टक्के उडाले, मग शहाण्णव का नाही?

देवपुरात आमच्या ओट्यावर दिवाळीनंतर हा वाद ठरलेला. शंभर किलो कापूस, ओलावा १२ टक्के. उन्हात वाळवून ८ टक्क्यांवर आणला, तर काट्यावर किती भरेल? आबा म्हणतात, ‘चार टक्के पाणी उडालं, शहाण्णव किलो. त्यात विचारायचं काय?’ नववीतली नात मात्र वही घेऊनच बसते.

तिचा हिशेब साधा. उडतं ते पाणी. शंभर किलोत कोरडा माल ८८ किलो, तो वाळवल्यावरही ८८ किलोच. पण आता तो नव्या वजनाच्या ९२ टक्के झाला. नवं वजन क्ष धरा: ०.९२ × क्ष = ८८. म्हणून क्ष = ९५.६५. आबांचे साडेतीनशे ग्रॅम चुकले.

आधीचे १२ टक्के जुन्या वजनाचे, नंतरचे ८ टक्के नव्या वजनाचे. दोन्ही एकमेकांतून वजा करणं म्हणजे एका गावचा मण दुसऱ्या गावच्या शेरांनी मोजणं. क्ष लिहिताना ‘कशाचे टक्के?’ हे ठरवल्याशिवाय पेन पुढे सरकत नाही, म्हणून तोंडी हिशेबापेक्षा मला समीकरण भरवशाचं वाटतं.

आबा हार मानणाऱ्यातले नाहीत. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) पूर्ण हमीभाव ८ टक्के ओलाव्याला देते. पुढे प्रत्येक टक्क्याला भाव एक टक्का कापते. म्हणजे पैसे ९६ किलोचे, वाळवला तर माल ९५.६५चा. ‘मग वाळवू कशाला?’ नात गप्प. (ओलावा बाराच्या वर गेला तर खरेदी केंद्र कापूस घेतच नाही, हे आबा सोयीने विसरतात.)

या क्षला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणत. आणखी अज्ञातं आली की काळक, नीलक अशी रंगांची नावं. भास्कराचार्य आपल्याला परके नाहीत. चाळीसगावजवळ पाटण इथे १२०७चा शिलालेख आहे: नातू चांगदेवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याचा. भाऊ दाजी लाडांनी तो १८६५मध्ये उजेडात आणला. आजोबांचं गणित नातवाने पुढे नेण्याची रीत खान्देशात जुनीच म्हणायची.

परवा नातीने नवं कोडं टाकलं. कापसात रुई ३४ टक्के धरली, तर १७० किलोच्या एका गाठीला कापूस किती लागेल? ती क्ष लिहीपर्यंत आबा म्हणाले, ‘पाच क्विंटल. सरकी किती, ते तू काढ. आणि घट धरायला विसरू नको.’