वाफेला वाट हवी

वैशाखात आभाळ भरून आलं की कुणाला मातीचा वास आठवतो, मला मात्र गच्चीवरचे सांडगे आठवतात!

साकीनाक्याला आमची चार मजली इमारत. खाली रिक्षांची गर्दी, पलीकडे खैरानी रोडची वर्कशॉपं आणि भंगाराची गोदामं. वाळवण घातलं की संध्याकाळपर्यंत त्यावर धुळीचा थर. तरी आम्ही सासू-सुना दर वर्षी घालायचोच. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ह्यांची नोकरी गेली आणि हौसेचं वाळवण पोटापाण्याचं झालं. लेकीची फी त्यातूनच निघायची.

मग एका मे महिन्यात अवकाळी आला. आम्ही धावत वर पोचेपर्यंत आठ किलो सांडगे भिजले. दोन दिवसांत बुरशी! घेतलेले पैसे परत करावे लागले. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, काही बोलल्या नाहीत. नुसत्या पराती घासत बसल्या. विजेचं यंत्र घ्यावं, तर सगळा नफा बिलात जाणार.

शेवटी ह्यांनी भंगारातून जुन्या खिडकीची काच, पॅकिंगच्या फळ्या आणि पत्रा आणला. तीन फूट बाय दोन फुटांची पेटी केली. तळाला काळा रंगवलेला पत्रा, वर चार बोटं अंतर सोडून स्टीलच्या जाळीचा ट्रे, त्यावर झाकण म्हणून काच, दक्षिणेकडे उतरती. रंगाचा वास पूर्ण गेल्यावरच पहिला घाणा घातला.

ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मी शहाणीने सगळ्या फटी बुजवल्या. दुपारी बघते तर काचेला आतून घाम आणि सांडगे चक्क उकडलेले! आई हसल्या. ‘‘अगं, वाफेला वाट नको का? भातावरचं झाकणसुद्धा आपण तिरकं ठेवतो!’’

केवढं साधं! मग खाली पुढच्या बाजूला आणि मागे वरच्या बाजूला भोकं पाडली, मच्छरदाणीचं कापड लावलं. गार हवा खालून येते, तापते आणि ओल घेऊन वरून जाते. पंखा नको, वीज नको. मेथी, कढीपत्ता मात्र पातळ कापडाखाली ठेवायचा, नाहीतर हिरवा रंग उडतो. भाजीच्या चकत्या पातळ आणि सारख्या हव्यात. मोडताना ‘कट्’ आवाज आला, की वाळलं. गार झाल्यावरच बरणीत भरायचं.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर कुणी केली म्हणाल, तर माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या वैभव तिडके आणि त्यांच्या सोबत्यांनी. त्यांच्या ‘एस फोर एस’च्या सौरयंत्रात ट्रेचा तापलेला पत्राही अन्नाला उष्णता देतो. मराठवाड्यातल्या शेतकरी बायका त्यावर कांदा, आलं वाळवून चार पैसे मिळवतात. 2023 मध्ये या कामाला ‘अर्थशॉट’ हा जागतिक पुरस्कार मिळाला. वाचलं तेव्हा आईंना म्हटलं, ‘‘बघा, तुमचंच शास्त्र!’’

आमची पेटी पावसाळ्यात काही उपयोगाची नाही, हे खरंच. ऊनच नसेल तर ती तरी काय करणार?

पण यंदाही मे महिन्यात सर आली. सवयीने दोघी धावत गच्चीवर गेलो. काचेवरून पाणी ओघळत होतं, आत सांडगे कोरडे. आईंनी पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘चल खाली, चहा टाक.’’