फिल्ममधले खडक

हैदराबादभोवतीचा ग्रॅनाइट सुमारे २५० कोटी वर्षांचा. त्यातला डोळ्यांदेखत किती गेला हे पाहायचे, तर १९९०च्या दशकातल्या स्लाइड्स काढाव्या लागतात. १९९६ मध्ये ‘सोसायटी टू सेव्ह रॉक्स’ स्थापन झाली, १९९८ मध्ये सायबर टॉवर्स उभे राहिले आणि माधापूर-गच्चीबावलीकडे सुरुंगांचे आवाज नित्याचे झाले. आम्ही हौशी मंडळी तेव्हा रविवारी दुर्गम चेरुवूच्या काठी एकावर एक तोललेले धोंडे टिपत फिरायचो. फिल्म स्लाइडचीच, कारण रंग लॅबवाल्याच्या मर्जीवर सोडायचे नव्हते.

२००० नंतर या स्लाइड्स संगणकात घेण्याची टूम निघाली. सुरुवातीचे घरगुती स्कॅनर २७०० डीपीआयचे. त्यात निळे आकाश खरबरीत दिसे आणि सगळे खापर फिल्मवर फुटे. निम्मा दोष स्कॅनरचा होता. फिल्ममधले रंगकण पिक्सेलहून बारीक असले, की एकमेकांत मिसळून पडद्यावर खोटा, जाडाभरडा दाणा उमटतो. निकॉनचा ४००० डीपीआयचा कूलस्कॅन हाती आल्यावर तेच आकाश पुष्कळ निवळले. एका स्लाइडचे दोन कोटींवर पिक्सेल, १६ बिटमध्ये जवळजवळ १३० एमबी. त्या वेळच्या हार्डडिस्कचा जीव तो केवढा! इन्फ्रारेडने धूळ हुडकणारे डिजिटल आइसही या स्कॅनरमध्ये होते. कोडाक्रोम फिल्मवर मात्र ते फसायचे. तिचे सायन रंगद्रव्य इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे यंत्राला चित्रातच धूळ दिसू लागते.

मग नॉइज घालवणारी सॉफ्टवेअर आली आणि सगळ्यांचे हात शिवशिवू लागले. आकाश गुळगुळीत झाले. खडकही झाले. गुलाबी फेल्स्पार, काळ्या अभ्रकाचे ठिपके, सॉफ्टवेअरच्या लेखी सगळा फिल्मचाच दाणा. धोंड्यांच्या साबणवड्या झाल्या. त्यांना धार आणायला कुणी अनशार्प मास्कची रेडियस वाढवली, की आकाशालगतच्या कडांना पांढरी किनार फुटे.

त्या उचापतींतून जी पद्धत रुजली, ती टिकली आहे. मूळ स्कॅन टिफमध्ये जसाच्या तसा राखायचा. दाणा कमी करायचा तो फक्त आकाशातला, मास्क लावून. काळोख्या कपारींतली किरकिर बरीचशी स्कॅनरच्या सेन्सरची असते. एकाच ओळीचे अनेक नमुने घेतले की ती उतरते. धार अगदी शेवटी, छपाईचा आकार ठरल्यावर, आणि थ्रेशोल्ड एवढा की दाणा उचलला जाऊ नये.

हल्ली मॅक्रो लेन्स लावून कॅमेऱ्यानेच स्लाइड टिपतात. मिनिटांचे काम सेकंदांत उरकते. दाणा काढून वर धारही देणारी एआयची साधने आहेत. लग्नमुंजीच्या स्लाइड्सना मी ती खुशाल लावतो. मावशीच्या शालूची जर थोडी जास्त चमकली, तर कुणाचे काय बिघडले? खडकावर मात्र ती नसलेल्या भेगा रचतात. शिल्पारामममधला ‘बेअर्स नोज’ नावाचा खडक निदान जागेवर आहे, जाऊन ताडून पाहता येते. जे धोंडे फुटून खडी झाले, त्यांच्या स्लाइड्स मी या साधनांना दाखवत नाही.