धावड्याच्या विहिरी आणि अनुदानाचा अर्ज

भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला लागणारा पैसा फार मोठा नसतो. जीपचं भाडं, मुक्काम, जेवण, दगड कापून थिन सेक्शन (सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे पातळ काप) करून घेण्याचा खर्च, रासायनिक पृथक्करणाची फी आणि जमलंच तर एखाद्या परिषदेची नोंदणी. सीएसआयआरची जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळालेल्याला वर्षाला 20,000 रुपये आकस्मिक खर्चासाठी मिळतात. त्यातच पुस्तकं, रसायनं, प्रिंटआउट आणि प्रवास भागवायचा. एम.एस्सी.च्या मुलांना तर तेवढंही नाही. मग उरतात ती लहान अनुदानं. त्यांचा अर्ज दोन-तीन पानांचा असतो, आणि तो नीट लिहिता न आल्यामुळे चांगली कामं अडून राहिलेली मी पाहिली आहेत. मुलांबरोबर बसून असे अर्ज लिहून घेणं हे आता माझ्या शिकवण्याचाच भाग झालं आहे.

इथे सांगतो आहे तो अर्ज धावड्याचा. भोकरदन तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगतचं हे गाव. कापूस, मका आणि मिरचीचा हा पट्टा. डोंगराच्या दक्षिणेचं पाणी पूर्णेतून गोदावरीला जातं, उत्तरेचं तापीला. खाली सगळा बेसाल्ट. 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या उद्रेकांतून एकावर एक पसरलेले लाव्हाचे प्रवाह, आज सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर उरलेले. अजिंठ्याची लेणी कोरली तीही याच दगडात.

अर्ज करणारी मुलगी याच भागातली, शेतकरी घरातली. तिच्या पहिल्या मसुद्याचं शीर्षक होतं ‘अजिंठा डोंगररांगेतील बेसाल्टचा सखोल अभ्यास’. तिला म्हटलं, ‘हे तर तीस वर्षांचं काम आहे. तू दोन आठवड्यांत काय करणार ते लिही.’ ती म्हणाली, ‘सर, ते तिथे गेल्याशिवाय कसं कळणार?’ तिचं बरोबर होतं. म्हणून आम्ही कागद ठेवले आणि धावड्याच्या शिवारात गेलो.

सपाट शिवारात दगड दिसत नाही, वर काळी माती असते. डोंगरकडा आणि ओढे सोडले, तर खडकाचा उभा छेद दिसतो तो विहिरीतच. एका बांधावर वयस्क शेतकरी भेटले. तिने विचारलं, ‘काका, विहीर खोदताना काय काय लागलं?’ त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळं सांगितलं: आधी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, त्याखाली काळा पाषाण. ‘मांजऱ्यात पाणी लागलं. काळ्याला सुरुंग लावले, पण थेंब वाढला नाही.’ थोडं थांबून म्हणाले, ‘पलीकडच्या विहिरीत मधे लाल पट्टा लागला. आमच्यात नाही.’

तिने हे सगळं वहीत उतरवलं, आणि अर्जातला प्रश्न तिथेच सापडला. मांजऱ्या म्हणजे प्रवाहाच्या वरच्या भागातला, वायूच्या पोकळ्यांनी भरलेला आणि झिजून मऊ झालेला बेसाल्ट. तो पाणी धरतो. काळा पाषाण म्हणजे प्रवाहाचा घट्ट गाभा. त्यात भेगा असतील तरच पाणी सापडतं. दोन प्रवाहांच्या मधे कधी कधी लाल, मातकट थर येतो, त्याला आम्ही बोल म्हणतो. बहुतेकदा त्यातून पाणी सहज झिरपत नाही. इथले प्रवाह जवळजवळ आडवे आहेत. त्यामुळे प्रश्न असा झाला: वेगवेगळ्या विहिरींत दिसणारा लाल थर एकाच उंचीवर, त्याच दोन प्रवाहांच्या मधे आहे का? असेल तर नव्या विहिरीत पाणी कुठवर लागेल याचा अंदाज बांधता येतो. नसेल तर प्रवाह जिभेसारखे तुटक पसरले आहेत, आणि शेजाऱ्याच्या विहिरीवर भरवसा ठेवून खोदण्यात अर्थ नाही.

प्रवाह ओळखून एका जागेचे दुसऱ्या जागेशी जुळवण्याची धडपड जुनी आहे. डोंगराच्या उत्तरेला भुसावळला कोळशाच्या शोधात एक खोल बोअर घेतला होता. त्यात लागलेल्या बेसाल्टच्या प्रवाहांवर एल. एल. फर्मर यांनी 1925 साली लेख प्रसिद्ध केला. हा संदर्भ अर्जात एका ओळीत घातला. तो वाचल्यावर परीक्षकाला कळतं की विद्यार्थ्याला आधीचं काम माहीत आहे.

मग अंदाजपत्रक. अर्जातला माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग हाच, आणि मुलं तो शेवटच्या रात्री लिहितात. ‘प्रवास खर्च’ अशी मोघम ओळ कुणालाच पटत नाही. विहिरी किती, त्यांतली अंतरं किती, दिवसाला किती होतील, म्हणून जीप किती दिवस. लाल थराच्या वरच्या आणि खालच्या प्रवाहातून एकेक नमुना, म्हणून थिन सेक्शन किती आणि रासायनिक पृथक्करणासाठी एक्सआरएफचे नमुने किती. असं मांडत गेलं की प्रत्येक रुपयामागे एक दगड उभा राहतो, आणि प्रश्नातली कच्ची जागाही तिथेच उघडी पडते. तिने मुळात डोंगरावरचेही नमुने धरले होते. राखीव वनातून नमुना घ्यायला वन खात्याची लेखी परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, म्हणून तो भाग वगळला. दोर, हेल्मेट आणि सोबतीला एका माणसाची मजुरी मात्र मी आग्रहाने घालायला लावली. जुन्या विहिरीत एकट्याने उतरायचं नाही. जिथे कडा ढासळलेली आहे तिथे वरूनच मोजपट्टी सोडून फोटो घ्यायचे.

यात सगळ्यांत अवघड गोष्ट म्हणजे वेळापत्रक. विहिरीची भिंत दिसते ती एप्रिल-मेमध्ये, पाणी तळाला गेल्यावर. पावसाळ्यानंतर सगळे थर पाण्याखाली. म्हणजे निकाल जुलैत लागणारं अनुदान या कामासाठी एक वर्ष वाया घालवतं. अर्ज दिवाळीच्या सुमारासच जायला हवा, आणि गाईडचं शिफारसपत्र त्याच्या आधी हाती हवं.

कुठे अर्ज करायचा, याचं उत्तर पात्रतेच्या अटींत असतं. जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ अमेरिकाची विद्यार्थी अनुदानं प्रसिद्ध आहेत, पण ती उत्तर आणि मध्य अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकणाऱ्यांसाठी. सिग्मा झाय ही संस्था 1922पासून विद्यार्थ्यांना लहान अनुदानं देत आली आहे आणि तिथे बाहेरच्या देशांतल्यांनाही अर्ज करता येतो. सभासदत्वाची अट असेल तर ते आधी घ्यावं लागतं. प्राथमिक तयारी मात्र फुकट होते: भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ‘भूकोश’ पोर्टलवर 1:50,000चे भूशास्त्रीय नकाशे बघायला मिळतात.

परिषदेच्या प्रवासाचं गणित वेगळं. परदेशात निबंध वाचायला पूर्वी सर्ब या सरकारी संस्थेचा मार्ग होता, आता तिच्या जागी आलेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनचा आहे. व्हिएन्नाच्या युरोपीय भूविज्ञान परिषदेत प्रवासाच्या मदतीसाठी अर्ज करायचा असेल, तर अ‍ॅबस्ट्रॅक्ट इतरांच्या मुदतीच्या आधीच द्यावा लागतो. काही वेळा परिषदच आपल्याकडे येते. 22वी आंतरराष्ट्रीय भूशास्त्र काँग्रेस 1964 साली दिल्लीत भरली होती. 36वी 2020 साली तिथेच भरायची होती, पण कोविडमुळे ती मार्च 2022मध्ये ऑनलाइन झाली. निबंध वाचले गेले. दगड समोर ठेवून होणारा वाद मात्र पडद्यावर झाला नाही, आणि आमच्या विषयात तोच खरा लाभ असतो.

अनुदान मंजूर झालं की सुटलो, असं नाही. बऱ्याच ठिकाणी नियम असा, की खर्च आधी तुम्ही करा, पावत्या आणि बोर्डिंग पास जोडा, उपयोगिता प्रमाणपत्र द्या, मग पैसे मिळतील. नोकरदाराच्या घरात हे चालतं. मिरचीचा भाव पडलेल्या वर्षी विमानाच्या तिकिटाएवढी रक्कम काही महिने अडकवून ठेवणं शेतकऱ्याच्या घराला परवडत नाही. पात्र असूनही केवळ एवढ्यासाठी मंजूर अनुदान सोडून दिलेली मुलं मला माहीत आहेत. गुणवत्ता तपासून झाल्यावर असं पुन्हा बापाची ऐपत तपासणं हा उघड अन्याय आहे. धावड्याच्या जीपवाल्याकडून छापील पावती मिळत नाही, ही आणखी एक अडचण. म्हणून मी मुलांना साध्या कागदावर तारीख, गाडी क्रमांक, किलोमीटर, रक्कम आणि सही घ्यायला लावतो, तीही त्याच संध्याकाळी.

त्या मुलीचा अर्ज मंजूर झाला. रक्कम मागितली त्यापेक्षा कमी मिळाली, म्हणून एक्सआरएफचे काही नमुने गाळावे लागले. विहिरी सगळ्या झाल्या.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक भूशास्त्र विभागाला माझी एक विनंती आहे. तेल कंपन्यांत, खाणींत, भूजल यंत्रणेत स्थिरावलेले तुमचे माजी विद्यार्थी शोधा आणि त्यांच्या वर्गणीतून एक फिरता निधी उभा करा. मंजुरीचं पत्र दाखवलं की विद्यार्थ्याला त्यातून उचल मिळावी आणि अनुदान जमा झालं की ती परत यावी. आणि जे माजी विद्यार्थी हे वाचत असतील, त्यांनी विभागाच्या पत्राची वाट न पाहता स्वतः फोन करावा.